डबा वर जाणार नाही

गुडघा दाजींचा, पण बोलणी सगळी मी खाल्ली. ताईची, फिजिओबाईंची, सेफ्टीसाहेबांची आणि शेवटी खुद्द दाजींची. म्हणून एकदा सगळं सांगूनच टाकतो. माझं कुठे चुकलं ते ऐकणाऱ्यानं ठरवावं. मी ठरवायला बसलो की माझं डोकं फिरतं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. टॉवर क्रेनचे ऑपरेटर. मी त्यांचा सिग्नलमन. ते साठ मीटर उंचीवर काचेच्या केबिनमध्ये, मी खाली मातीत, हातात वॉकीटॉकी. ओझं कुठून उचलायचं, कुठे न्यायचं, किती हळू टेकवायचं हे मी सांगायचं आणि त्यांनी करायचं. भिंतीपलीकडे सळ्यांचा गठ्ठा उतरवताना त्यांना वरून काहीच दिसत नाही, ते माझ्या डोळ्यांनी बघतात. एकोणीस वर्षं आम्ही असं काम केलं. माझा आवाज मोठा म्हणून साइटवर मला भोंगा म्हणतात. हे नाव दाजींनीच ठेवलं, तेही माझ्या बहिणीशी लग्न ठरायच्या आधी, त्यामुळे तक्रार करायलाही जागा राहिली नाही.

केबिनला जायला लिफ्ट नसते. मनोऱ्याच्या आतून लोखंडी शिडी जाते. आमच्या क्रेनची शिडी दोनशे दांड्यांची. दर वीस दांड्यांनी दम खायला एक जाळीचा टप्पा. पूर्वी दाजी अख्ख्या चढणीत एकदाच थांबायचे, तेही घाम पुसायला. दोन वर्षांपूर्वी ते तिसऱ्या आणि सहाव्या टप्प्यावर थांबायला लागले. मग एकाआड एक. मान वर करून बघत राहणं हेच माझं काम, तेव्हा मला दिसलं नाही असं म्हणायची सोय नाही.

"शिडी खातेय गुडघा," दाजी एकदा म्हणाले. "उगाच जेवायला उतरा, परत चढा. आजपासून सकाळी एकदा चढणार, सुट्टी झाली की एकदा उतरणार. मधलं सगळं बंद. डबा तू वर पाठव."

मला हे एकदम पटलं. आजही सांगतो, त्या वेळी कुणालाही पटलं असतं. केबिनच्या दाराशी एक दोरी बांधली, तिच्या टोकाला कॅनव्हासची पिशवी. दुपारची सुट्टी झाली की मी पिशवीत डबा ठेवायचा, दोरीला दोन झटके द्यायचे आणि ते वर ओढून घ्यायचे. पाणी ते बेतानंच प्यायचे. का ते विचारू नका, वर केबिनमध्ये एक रिकामी बाटली असते एवढं सांगतो. दोन वर्षं मी ती पिशवी बांधली आणि दर वेळी मला वाटायचं, बघा, मेव्हणा असावा तर असा.

गुडघा काही सुधारला नाही. सकाळी अंथरुणातून उठल्यावर पाऊण तास पाय सरळ व्हायचा नाही. जिना उतरताना ते भिंतीला धरून आडवे उतरायचे. शेवटी ताईनं त्यांना अक्षरशः ओढत दवाखान्यात नेलं आणि मला बरोबर घेतलं. कारण तिला ठाऊक होतं, डॉक्टर जे सांगतील त्यातलं यांच्या कानात निम्मंच शिरणार.

डॉक्टरांनी एक्सरे दिव्यावर लावला. हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण झिजलं होतं, एका बाजूची फट बारीक झाली होती. "ऑपरेशनची वेळ आलेली नाही," ते म्हणाले. "न येऊ देणं पुष्कळसं तुमच्या हातात आहे. व्यायाम, वजन, गरज पडली तर गुडघ्याला पट्टा, वरून लावायचं मलम. फारच दुखलं तर गोळी. एकदम भडकला तर सांध्यात एक इंजेक्शन देता येतं, पण त्याचा आराम काही आठवड्यांचा. त्यानं झीज भरून येत नाही आणि ते सारखं सारखं घ्यायचं नसतं."

दाजींना इंजेक्शन एवढंच ऐकू आलं. गुडघा तेव्हा सुजलेलाच होता, त्यामुळे त्याच आठवड्यात एक घेतलं. आणि काय सांगू, चार दिवसांत माणूस पंचविशीतला झाला. शिडी फक्त दोनदा थांबून चढले. वॉकीवर शीळ घातली. डॉक्टरांनी दिलेली फिजिओथेरपीची चिठ्ठी त्यांनी पाकिटात घातली आणि पाकीट मागच्या खिशात, म्हणजे तिच्यावर बसूनच राहिले.

ताईनं ती चिठ्ठी बाहेर काढली. पुन्हा मी बरोबर.

फिजिओबाई वयानं पोरसवदा, पण बोलण्यात शाळेच्या हेडबाई. त्यांनी दाजींना खुर्चीवरून उठबस करायला लावली, पाय सरळ उचलायला लावला, पलंगाच्या कडेला बसवून लोंबता हलवायला लावला, मांडीला टेप लावून मोजली. उजवी मांडी डावीपेक्षा दोन बोटं बारीक भरली. मग त्यांनी दिवसभर काय करता ते विचारलं. दाजींनी छाती पुढे काढून सांगितलं की गुडघा जपायचा म्हणून मी दिवसातून एकदाच चढतो.

"आणि मधले नऊ तास?"

"मधले नऊ तास खुर्चीत. अजिबात हलत नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "काका, शिडीनं एवढं बिघडवलं नसतं. गुडघा नऊ तास वाकवून एका जागी धरून ठेवता, हे त्याला शिडीपेक्षा वाईट. सांधा हलला की त्याच्यात वंगण फिरतं. तुम्ही त्याला दोन वर्षं गंजवलाय. आणि मांडीचा स्नायू वाळला, की सगळा भार हाडांवर येतो. हा सल्ला तुम्हाला दिला कुणी?"

दाजींनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

बाईंनी मग सगळं लिहून दिलं. पाय सरळ ताठ करून दहा आकडे धरायचा. खुर्चीवरून हात न लावता उठायचं, बसायचं. बुटक्या पायरीवर चढ-उतार. थोडं दुखलं तर चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत थांबलं पाहिजे. केबिनमध्ये दर अर्ध्या तासानं उभं राहायचं. आठ किलो वजन उतरवायचं. "एक किलो कमी झालं, की पावलागणिक गुडघ्यावरचा चार किलोंचा भार कमी होतो," त्या म्हणाल्या. दाजी पहिल्यांदा जरा सावरून बसले. लांब दांड्यावर थोडं ओझं किती जड पडतं हे क्रेनवाल्याला शिकवावं लागत नाही. "आणि दुपारी खाली उतरायचं. जेवायचं, दहा मिनिटं चालायचं, मग चढायचं. बारा आठवडे. तेव्हा फरक बोला."

"दुपारी खाली उतरणं जमणार नाही," दाजी म्हणाले.

"का?"

दाजी बूट घालायला लागले. उत्तर मला माहीत होतं. आमच्याकडे नवे सेफ्टीसाहेब आले होते आणि अकरा आठवड्यांनी सगळ्या ऑपरेटरांची तपासणी होती. दुसऱ्या क्रेनवरच्या ऑपरेटरला साहेबांनी खांद्यापायी खाली उतरवून गेटवर बसवलं होतं, ट्रकांचे नंबर लिहायला. तो माणूस चार महिन्यांत म्हातारा दिसायला लागला. सकाळी साइट रिकामी असताना दाजी चढायचे, संध्याकाळी सगळे गेल्यावर उतरायचे, त्यामुळे त्यांचं लंगडणं कुणी पाहिलंच नव्हतं. दुपारी उतरायचं म्हणजे दीडशे लोकांसमोर आणि साहेबांच्या खिडकीसमोरून. औषधच असं होतं, की ते घेतलं तर दुखणं उघडं पडणार.

दाजींना क्रेन हवी होती. बाकी सगळं त्याच्यानंतर. मीही त्यांच्याच बाजूचा होतो.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "भोंग्या, डबा चालू राहील."

"आणि बाईंचं?"

"बाई कधी साठ मीटर चढल्यात का?"

मी हसलो. ताई हसली नाही. ती म्हणाली, "तू यांच्या होला हो लावू नकोस हां. तू खाली उभा असतोस म्हणून मला रात्री झोप लागते."

व्यायाम आठ दिवस टिकले. पाचव्या आठवड्यात इंजेक्शनचा असर ओसरला. दाजींनी डॉक्टरांना न विचारता दुसऱ्याच कुठल्या दवाखान्यात जाऊन दुसरं घेतलं. पहिलं घेतल्याचं तिथे बोललेच नाहीत. मला सांगितलं, ताईला नाही. दुसऱ्याचा आराम तीन आठवडेही पुरला नाही. मग ते दोन गोळ्या खाऊन चढायला लागले. खालून मला टप्पे मोजता येत होते. दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा, सगळीकडे थांबा. आणि वॉकीवर आवाज एकदम झकास, "भोंग्या, सुरू करू या!" मी दोरीला पिशवी बांधायचो आणि गप्प बसायचो.

तपासणीला दोन आठवडे राहिले होते त्या दिवशीची गोष्ट.

सळ्यांचा गठ्ठा, दीड टनाचा. सातव्या मजल्यावर न्यायचा होता. खाली चार गवंडी एका कोपऱ्यात काम करत होते. गठ्ठा त्यांच्या बाजूनं जाणार होता, डोक्यावरून नाही. मी वॉकीवर सांगत होतो, डावीकडे, डावीकडे, हळू. गठ्ठा डावीकडे सरकत होता. मी म्हणालो, "बस." गठ्ठा थांबला नाही. मी पुन्हा ओरडलो. गठ्ठा तसाच फिरत गवंड्यांच्या कोपऱ्यावर आला, मग एकदम झटका बसून थांबला आणि लोंबकळत हेलकावे खायला लागला. एक सळई गठ्ठ्यातून अर्धी बाहेर सरकली होती. खालचा गवंडी विटेला मसाला लावत होता. त्यानं मान वर केलीच नाही.

मी त्या चौघांना हाताला धरधरून बाजूला काढलं. मग गठ्ठा इंचाइंचानं खाली घेतला.

संध्याकाळी दाजी उतरले. मी शिडीच्या पायथ्याशी उभाच होतो. "काय झालं होतं?"

"अडकला," ते म्हणाले. "गुडघा. वाकलेलाच अडकला. कळ अशी आली की क्रेनच्या दांडीवरचा हात तसाच आवळला गेला, सुटेना. दोन सेकंदं. दोनच सेकंदं, भोंग्या."

"खाली चार माणसं होती."

"कुणाला काही झालं का? तपासणी होऊ दे. मग रीतसर सगळं करतो, व्यायाम काय, पट्टा काय. दोन आठवडे फक्त."

घरी गेलो, जेवण गेलं नाही. मला दाजींचा राग आला होता आणि माझा त्याहून जास्त, आणि दोन्हीचं काय करायचं ते कळत नव्हतं. साहेबांकडे जाऊन सांगावं तर बहिणीच्या नवऱ्याची चहाडी. न सांगावं तर उद्या पुन्हा गठ्ठा, पुन्हा गवंडी.

दुसऱ्या दिवशी मी सकाळभर एकही जड ओझं वर जाऊ दिलं नाही. हुकाची तपासणी, ओझं बांधायच्या पट्ट्यांची अदलाबदल, काहीबाही कारणं काढली. बारा वाजता सुट्टीचा भोंगा झाला, खरा भोंगा. लोक डबे घेऊन सावलीला बसले. दोरी वरून खाली आली. मी पिशवी हातात घेतली. डबा माझ्या दुसऱ्या हातात होता.

आणि मला ती पिशवी बांधवेना.

दोरीला वरून एक झटका आला. मग दुसरा. मग वॉकी खरखरली. "भोंग्या, झोपलास का?"

वॉकीवरचं बोलणं सगळी साइट ऐकते. मुकादम, फोरमन, साहेबांच्या टेबलावरचा संच. गुडघ्याचा ग आम्ही त्यावर कधी काढला नव्हता.

"दाजी," मी म्हणालो, "डबा वर जाणार नाही. खाली येऊन जेवा."

सावलीतली दोन-चार डोकी वर झाली.

"चेष्टा पुरे. दोरी बांध."

"चेष्टा नाही. डबा खाली आहे. ताईनं केलंय, गरम आहे, उतरा."

"मला भूक नाही."

"मग उपाशी उतरा. तुम्ही उतरल्याशिवाय मी दुपारी एकही सिग्नल देणार नाही. सिग्नलशिवाय क्रेन चालत नाही. बसा मग वर संध्याकाळपर्यंत."

साहेब खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. दाजींनी वॉकीवर एक शिवी दिली, ती इथे सांगत नाही. नात्यानं मी तिचा मानकरी होतो, एवढंच. मग केबिनचं दार उघडलं.

ते पूर्वी उतरायचे तसे उतरायला लागले, एका पायानंतर दुसरा, भराभर. मुद्दाम. कुणाला शंका येऊ नये म्हणून. पहिला टप्पा न थांबता गेला. दुसरा गेला. तिसऱ्यावर जरा टेकले. मला आशा वाटायला लागली की उतरतील, जेवतील, चार शिव्या देतील आणि आजचा दिवस निभावेल.

पाचव्या आणि सहाव्या टप्प्याच्या मध्ये उजवा पाय दांड्यावरून सुटला.

मला खालून फक्त बूट दिसला, हवेत. मग दोन्ही. ते हातांवर लोंबकळत होते. कंबरेचा पट्टा सुरक्षा-दोराला अडकवलेला होता, पडले असते तरी दोरानं धरलं असतं, हे मला माहीत होतं. माहीत असून काही उपयोग नव्हता. डावा पाय चाचपडत दांड्यावर टेकला. उजवा वाकलेला तसाच राहिला. ते शिडीला मिठी मारून थांबले. पाच मिनिटं झाली. हलेनात.

मी शिडीकडे धावलो. साहेबांनी मला दंडाला धरून मागे ओढलं. "एका शिडीवर एकच माणूस. तू वर गेलास तर दोघं अडकाल. काय होतंय त्यांना? छातीत दुखतंय का?"

"गुडघा," मी म्हणालो. "उजवा गुडघा गेलाय."

वॉकी दाजींच्या छातीवर लटकलेली होती. त्यांना ऐकू जाणार होतं, पण दोन्ही हात गुंतलेले, उत्तर देता येणार नव्हतं. मी बटण दाबलं आणि दीडशे लोकांच्या देखत बोलायला सुरुवात केली.

"दाजी, उजवा पाय वाकवायचा प्रयत्न करू नका. तो अडकलाय. भार डाव्यावर ठेवा. आता उजवा नुसता लोंबता सोडा आणि हळूहळू हलवा, पुढं-मागं. बाईंनी पलंगाच्या कडेला बसवून करायला लावलं होतं ना, तसं. मी दहा मोजतो."

मी दहा मोजले. बूट हलला, आधी बोटभर, मग जरा जास्त. मी पुन्हा दहा मोजले.

"आता उतरताना दुखरा पाय आधी खाली. सरळ ठेवून. टेकला की मग डावा त्याच्या शेजारी आणा. वाकायचं काम सगळं डाव्याचं. एका दांड्यावर दोन्ही पाय, मग पुढचा. घाई नाही. उजवा खाली. टेकला. डावा शेजारी. शाब्बास. उजवा खाली."

एकोणीस वर्षं मी त्यांना ओझं कसं उतरवायचं ते सांगत आलो होतो. त्या दिवशी ओझं तेच होते. एकेक दांडा, नव्वदएक दांडे. मध्ये माझा आवाज फाटला तेव्हा साहेबांनी पाण्याची बाटली पुढे केली. ती मी घेतली नाही, बटणावरचं बोट काढायची भीती वाटत होती. चाळीस मिनिटं लागली. जेवण कुणीही पुरं केलं नाही.

दाजी जमिनीवर टेकले तेव्हा त्यांचे दोन्ही तळवे सोलले होते आणि पँटमधूनही गुडघ्याची सूज दिसत होती. फोरमननं खुर्ची आणली. साहेबांनी दाजींना काही विचारलं नाही, मला विचारलं. "तुला हे कधीपासून माहीत आहे?"

दाजी माझ्याकडे बघत होते.

"कालपासून," मी म्हणालो.

साहेबांनी दाजींचा क्रेनचा परवाना काढून घेतला. बारा आठवडे जमिनीवर, स्टोअरमध्ये. फिजिओथेरपी पूर्ण केल्याचा कागद, डॉक्टरांचा कागद, मग त्यांच्या समोर शिडी चढून-उतरून दाखवायची. जमलं तर क्रेन, नाही तर गेट. दाजी लंगडत निघून गेले. डबा माझ्या हातातच राहिला.

त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. एक शब्द नाही. घरी गेलो तर उठून आतल्या खोलीत जायचे. मला सगळं ताईकडून कळायचं. डॉक्टरांनी दुसऱ्या इंजेक्शनवरून झाप झाप झापलं. सूज उतरेपर्यंत बर्फाचा शेक आणि विश्रांती, मग फिजिओबाईंच्या ताब्यात. सुरुवातीला पाय सरळ उचलताना त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि बाई म्हणायच्या, "रडा काका, पण खाली ठेवू नका, अजून चार आकडे राहिलेत." स्टोअरमध्ये ते दर अर्ध्या तासानं उठून फेरी मारायचे. रात्रीचं जेवण निम्मं केलं. चौथ्या आठवड्यात काहीच फरक नाही म्हणून गुडघ्याचा पट्टा भिंतीवर फेकून मारला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच उचलून पुन्हा बांधला. सातव्या आठवड्यात एका सकाळी ते उठले आणि सरळ चालत मोरीपर्यंत गेले. परत येताना त्यांच्या लक्षात आलं. ताई म्हणाली, "दारात उभे राहून नुसते पायाकडे बघत होते. मी बोलले नाही, म्हटलं दृष्ट लागेल."

"माझं काही विचारतात का?"

"नाही," ताई म्हणाली. तिला खोटं बोलता येत नाही.

मी मनाची समजूत घातली होती. रागावलेत, दीडशे लोकांत पाणउतारा झाला, पुरुषमाणूस आहे, पण परत वर गेले की निवळेल. केबिनमध्ये बसले की पहिला आवाज माझाच ऐकू येणार. किती दिवस अबोला धरतील? मी बारा आठवडे एका दुसऱ्या ऑपरेटरला सिग्नल दिले, आणि प्रत्येक वेळी बटण दाबताना तोंडात "दाजी" यायचं.

तपासणीच्या दिवशी डॉक्टर आले, साहेब आले. फिजिओबाई स्वतःहून आल्या, साठ मीटर म्हणजे किती ते बघायला. मान वर करून त्यांनी तोंडावर हात ठेवला. दाजी सात किलोंनी उतरले होते, गळ्यापाशी सदरा सैल झाला होता. चांगला पाय आधी, दुखरा त्याच्या मागून, असे ते चढले. मी टप्पे मोजले. तिसऱ्यावर थांबले, सहाव्यावर थांबले, वर पोचले. मग उतरले, दुखरा पाय आधी, अकरा मिनिटांत. शेवटच्या दांड्यावरून उतरून त्यांनी हात सोडला आणि जमिनीवर दोन उठाबशा काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फिजिओबाई रडत होत्या आणि वर रागावत होत्या, "उठाबशा कुणी सांगितल्या होत्या?"

साहेबांनी परवाना परत दिला. अटी वाचल्या. दुपारी खाली उतरायचं, व्यायाम चालू ठेवायचे, दर सहा महिन्यांनी तपासणी. दाजींनी मान हलवली, सही केली. मी वॉकी कंबरेला लावून पुढे झालो होतो. सकाळी तिची बॅटरी मी स्वतः भरून आणली होती.

"साहेब, एक मागणं आहे," दाजी म्हणाले. "मला सिग्नलमन दुसरा द्या."

मला आधी कळलंच नाही. मग संताप आला. "दाजी! मी नसतो तर तुम्ही आज गेटवरसुद्धा नसतात! मी त्या दिवशी खाली बोलावलं म्हणून एवढा राग?"

बारा आठवड्यांनी ते पहिल्यांदा माझ्याकडे वळले. आवाज शांत होता, घरात मला बस म्हणायचे तसा.

"खाली बोलावलंस ते बरोबरच केलंस. त्याचा राग दोन दिवसांत गेला." त्यांनी परवाना खिशात घातला. "त्याच्या आधी दोन वर्षं बोलावलं नाहीस, भोंग्या. मी वर बसून तुझ्या डोळ्यांनी बघतो. मी चुकलो तर तू सांगशील म्हणून मी खाली माणसं असताना ओझं फिरवतो. आणि तुला सगळं दिसत होतं. मी बोलू नको म्हटलं आणि तू बोलला नाहीस. उद्या पुन्हा म्हणेन आणि तू पुन्हा ऐकशील. तू माझा मेव्हणा आहेस. संध्याकाळी घरी ये जेवायला, तुझी बहीण वाट बघतेय. पण खाली मला परका माणूस हवा."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मला म्हणायचं होतं की तुम्हीच तर डबा पाठव म्हणाला होतात. म्हणायचं होतं की कालपासून असं मी तुमच्यासाठी बोललो. तोंड उघडलं आणि एवढ्या मोठ्या आवाजाच्या माणसाच्या तोंडून काहीच निघालं नाही.

मी वॉकी काढून साहेबांच्या हातात दिली. दाजी शिडीकडे वळले, कंबरेचा पट्टा दोराला अडकवला आणि चढायला लागले. मी मान वर केली नाही.